गुलाबी माश्या आणि आमचे जाम

पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात, आणि आमच्या घरात जाम खाण्याची एक रीत पडून गेली होती. आधी फाका करायच्या. मग त्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायचं. परत येऊन पाहिलं, की भगोन्याच्या तळाशी पांढरट दोऱ्याचे तुकडे पडलेले असायचे. ते पाणी उकिरड्यावर फेकायचं, फाका झटकायच्या आणि तिखट-मीठ लावून खायच्या. घरातली सगळी माणसं खायची. मी खात नसे. मी त्या खोलीतसुद्धा थांबत नसे.

फळमाशीची अळी ज्यांनी पाहिली नाही ते भाग्यवान. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, चेहरा म्हणावा असं काही नाही. पण ती नुसती वळवळत नाही. स्वतःचं शेपूट तोंडात धरल्यासारखी गोल वाकते आणि टणकन उडी मारते. ताटलीतून उडते, ती कुठं पडेल याचा नेम नाही. साप दिसला तर मी दोन पावलं मागं सरतो. ही दिसली, की सरळ साकोलीला, माझ्या पाइप-नळाच्या दुकानात जाऊन बसतो.

जामाची बाग माझ्या बायकोची. म्हणजे जमीन घरचीच, माझी आणि माझ्या थोरल्या भावाची. पण उंचावरच्या एका बांधीत पाणी थांबत नव्हतं, धान दरवर्षी वाळायचं, तेव्हा बायकोनं तिथं मोहाडीकडून, तिच्या माहेराहून, कलमं आणून लावली. एकत्र घरात लग्न होऊन आलेल्या बाईला स्वतःचं म्हणता येईल असं फारसं काही नसतं. भांडी सासूची, रीत जावेची, नवरा तर सगळ्यांचाच. ती झाडं मात्र तिची होती. कोणत्या झाडाला उशिरा फुलं येतात, कोणतं झाड नुसतंच माजलं आहे, हे ती आपल्या लेकरांच्या खोड्या सांगाव्या तशी सांगायची.

झाडं मोठी झाली, फळं लागली, आणि फळांत ही मंडळी निघाली. पावसाळ्याचा बहार तर सगळाच्या सगळा.

मागच्या साली दादाच्या मुलीला पाहायला सोयरे आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, घरचा कर्ता. पोहे झाले, चहा झाला, आणि दादाला हौस आली. "आमच्या घरचे जाम खाऊन पाहा," म्हणाला आणि टोपलीतला एक जाम घेऊन त्यानं पाहुण्यांसमोरच चिरला. आतून बायको माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. मिठाचं पाणी राहिलं होतं. मी काही बोलायच्या आत ताटलीतून एक उडाली आणि मुलाच्या मामाच्या पांढऱ्या पँटवर, अगदी गुडघ्यावर, जाऊन बसली.

मामा सभ्य माणूस. त्यानं बोटानं ती हळूच उडवली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "यंदा पाऊस बरा आहे तुमच्याकडे."

सोयरीक जुळली नाही. कारण वेगळं होतं, त्यांना नोकरीवाली मुलगी हवी होती. पण दादाच्या डोक्यात ती अळीच बसली. संध्याकाळी तो ओसरीवर बसून म्हणाला, "झाडं तोडून टाकतो. धानाची बांधी होती, धानाचीच करून टाकू."

आता इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला पाहिजे. दादा माझ्या बायकोचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे जुन्या रीतीत सून भासऱ्याशी बोलत नाही. काळ बदलला, डोक्यावरचा पदर गेला, बायको स्कूटरवर दुकानात येते, पण दादाशी थेट बोलायची वेळ आली, की तिची जीभ अडते. मग ती माझ्याशी बोलते. दादा समोर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू जातं, तोही माझ्याकडेच पाहून उत्तर देतो. मी मधे खांबासारखा.

दारामागून बायको म्हणाली, "त्याईले म्हना, एक साल थांबा. म्या काहीतरी उपाय पाहातो."

दादा मला म्हणाला, "एक पावसाळा थांबतो. तवाही असेच निघाले तं दिवाळी झाली का कुऱ्हाड."

"त्याईले इचारा, चांगले निघाले का नाही हे ठरवन कोन?"

दादानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा ठरवन. ह्याच्याएवढा किळस करनारा मानूस जिल्ह्यात नाही. हा ज्या दिवशी आपल्या झाडाचा जाम न धुता, न पुसता, न चिरता, तोंडानं तोडून, सबन, देठापर्यंत खाईन, त्या दिवशी म्या मानलं."

अशा रीतीनं झाडांचा जीव माझ्या घशावर येऊन अडकला.

उपाय बायकोलाच सापडला. साकोलीला शेतकऱ्यांचा मेळावा होता. मी दुकानात बसलो होतो आणि ती मेळाव्यात फिरत होती. तिथं एका संशोधन संस्थेच्या मॅडमशी तिची गाठ पडली. त्या पुढच्याच आठवड्यात बाग पाहायला आल्या. बागेपेक्षा बागेच्या आजूबाजूचं पाहून त्यांना जास्त आनंद झाला. चारी बाजूंनी नुसतं धान, जवळपास दुसरं फळझाड नाही. "आम्हाला असंच बेट हवं होतं," म्हणाल्या.

मग ओसरीवर बसून त्यांनी सगळं समजावलं. त्यांच्याकडे फळमाश्या पाळतात. माशी कोशात असते तेव्हा तिला किरणं देतात. कोशातून निघालेली माशी उडते, खाते, जोडा जुळवते, सगळं करते, पण तिच्या बीजात जीव राहत नाही. असे नर बागेत दर आठवड्याला भरपूर सोडायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी जुगतात, फळात अंडी घालतात, पण अंडी फुटतच नाहीत.

दादानं हे ऐकून घेतलं आणि बराच वेळ सुपारी चावली. "म्हंजे माशी मिटवाले माशी सोडाची."

"हो."

"अन् नवरदेव असा द्याचा का ज्याले पोरंच नाही होत."

मॅडमचं शिक्षण मोठं होतं. त्या म्हणाल्या, "साधारण तसंच."

"हे तं फसवनं झालं," दादा म्हणाला. मागच्या वर्षीपासून त्याचं सोयरिकीच्या बाबतीत मन हळवं झालं होतं.

वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, वेगळी शंका होती. "ते किरनं आमाले लागतीन का?"

"कोणाच्या हाताचा एक्स-रे काढला आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसलात, तर तुम्हाला काही होतं का?"

"ह्याईच्या हाताचा काढला होता," वहिनी दादाकडे मान उडवून म्हणाली. "मले काही नाही झालं. ह्याईचंच डोस्कं तवापासून फिरलं."

ठरलं. पण माश्या यायच्या आधी बाग साफ करायची होती. जमिनीवर पडलेलं एकेक किडकं फळ वेचून खोल खड्ड्यात पुरायचं, म्हणजे रानातल्या माश्यांची पैदास आधीच कमी होते. बायको म्हणाली, मजूर लावला तर तो चांगली चांगली तेवढी उचलून बाकीची झाडाखालीच सोडेल. म्हणून मी.

झाडाखाली पडलेला जाम वरून पिवळा, गोंडस दिसतो. उचलायला गेलं, की बोटं आत जातात. आत गर नसतो, कोमट चिखल असतो, आणि तो चिखल जिवंत असतो. वास आंबूस, गोडसर, ताडीच्या मडक्यात कोणी ओकावं तसा. मी दोन्ही हातांवर पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या होत्या, तोंडावर गमछा होता, वरून पाऊस. एक जाम पिशवीच्या आतल्या बाजूनं माझ्या मनगटापर्यंत ओघळला. त्यातली एक अळी बाहीत उडी मारून गेली. पुढं काय झालं ते बायको अजूनही पाहुण्यांना सांगते. मी एवढंच म्हणेन, की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शर्ट काढून नाचणारा माणूस पाहून शेजारचे धान रोवणारे काम सोडून पाहत राहिले, आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "भाऊले देव आला का?"

आखाडात पहिला डबा आला. पांढरी प्लास्टिकची बादली, वर जाळी. आत कागदाच्या पट्ट्या, आणि तळाशी कोश. मॅडमनं हौसेनं झाकण काढून दाखवलं. त्या माश्या पुढं रानातल्या माश्यांपासून ओळखू याव्यात म्हणून कोशांना गुलाबी भुकटी चोळलेली होती. मी वाकून पाहिलं आणि सरळ उभा राहिलो.

तो तांदूळ होता. म्हणजे नव्हता. पण हुबेहूब हातसडीच्या तांदळाएवढा, तसाच लांबट, तसाच बदामी, फक्त गुलाल लागलेला. मला वाटलं, जाम सुटले ते सुटले, पण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाचा भात सुटला तर तो जगायचा कसा? त्या रात्री ताटात वाफाळता भात आला. मी एकेक शीत चमच्यानं बाजूला करून पाहू लागलो.

"काय पाहून राहिले?" बायकोनं विचारलं.

"हलते का म्हून."

तिनं ताट उचलून नेलं. पुढं बरेच दिवस मी पोळी खाल्ली. आमच्या गावात रोज पोळी खाणारा माणूस एक तर मधुमेहाचा असतो, नाहीतर शिष्ट. माझ्याबद्दल दोन्ही बोललं जाऊ लागलं.

डबा धान्याच्या खोलीत आढ्याच्या हुकाला टांगायचा. दोन-तीन दिवसांत माश्या निघत. त्यांना साखरेचं पाणी ठेवायचं, अंगात ताकद येऊ द्यायची, आणि मग सकाळच्या गारव्यात बागेत नेऊन सोडायच्या. बायको त्यांचं खाणंपिणं देवाच्या नैवेद्यासारखं वेळेवर करी. खोलीतून बारीक गूं-गूं येत राही. मी त्या खोलीच्या दारावरून जाताना श्वास धरून जात असे.

वहिनीला हे रुचलं नव्हतं. जी बाई जेवणाच्या ताटावर एक माशी बसली तर ताट बदलायची, तिच्या घरात माश्यांना साखर मिळत होती. "लेकरायचा चहा फिका अन् ह्याईच्या माश्याईले शरबत," ती म्हणायची. पण बागेची शर्त तिलाही ठाऊक होती, म्हणून ती एवढ्यावरच थांबे.

मॅडमनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. एकही आठवडा चुकवायचा नाही. आणि फळ रंगावर येतं त्या दिवसांत तर नाहीच, कारण माशी त्याच वेळी अंडी घालते. त्या आठवड्यात आपले नर बागेत नसले, तर रानातल्या नरांना मोकळं रान.

तो आठवडा नेमका पोळ्याचा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातली बाई एक फांदी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवते, घरातली सगळी रोगराई, ढेकूण, मच्छर, माश्या हाकलते, आणि मग सगळं गाव फांद्या घेऊन शिवेवर जातं आणि ओरडून त्या टाकून येतं. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, माश्या घेऊन जा, मारबत. टाकून आलं, की मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं, तर सगळं परत घरी येतं.

वहिनी पहाटे उठली. न्हाणी झाली, देवघर झालं, स्वयंपाकघर झालं. फांदी फिरवत फिरवत ती धान्याच्या खोलीत गेली. वर हुकाला माश्यांनी भरलेला डबा गुणगुणत होता.

तिनं पुढं जे केलं ते तिच्या हिशेबानं बरोबर होतं. माश्या हाकलायच्या दिवशी घरात माश्या ठेवल्या, तर वर्षभराचं दुखणं घरात राहील. आणि माश्या फेकल्या, तर जावेची झाडं जातील. तेव्हा तिनं मधला रस्ता काढला. डबा फांदीबरोबर शिवेवर न्यायचा, तिथं टेकवायचा, मारबतीला दाखवायचा, आणि परत आणून हुकाला लावून द्यायचा. कोणाला पत्ताही लागणार नाही. शिवेवर डबा टेकवून, ओरडून, चार पावलं चालून आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की डबा आणायला मागं वळावं लागेल. आणि वळता तर येत नव्हतं.

वहिनी रस्त्याच्या मधोमध घराकडे तोंड करून उभी राहिली. मागून लोक फांद्या टाकत होते.

तेवढ्यात कोणाची तरी फांदी जोरात त्या डब्यावर पडली आणि जाळी फाटली.

मी आणि बायको शिवेवर पोचलो ते आरडाओरडा ऐकून. हुकाला डबा नाही हे पाहून ती चप्पल न घालताच निघाली होती. गुलाबी धुरासारखं काहीतरी पळसाच्या ढिगावरून उठत होतं आणि जो समोर सापडेल त्याच्यावर बसत होतं. लोकांना माश्यांचं काही वाटलं नसतं, पण ह्या कोणत्या माश्या ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. किरणं दिलेल्या. पोरं न होणाऱ्या.

"बसू नका देऊ अंगावर," एक जण ओरडला. "ज्याच्यावर बसली त्याचा वंश बुडते."

झालं. मारबतीला आलेले बापे गमछे फडफडवत बांधीत उतरले. एक नवं लगीन झालेला गडी तर बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, कमरेपर्यंत जाऊन उभा राहिला.

पळाला नाही तो फक्त दादा. कारण तो हलू शकत नव्हता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, टोपीवर, मिशांवर माश्या बसल्या होत्या, आणि हात उचलला तर आणखी बसतील अशा भीतीनं तो नमस्काराच्या पुतळ्यासारखा ताठ उभा होता.

बायकोनं इकडं-तिकडं पाहिलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "घरून मच्छरदाणी घेऊन या. लवकर. थंडावा हाये तोवर त्या उडनार नाही."

"काय करतेस?"

"वेचतो."

मी मच्छरदाणी आणली. पहाटेच्या गारव्यात माश्या खरोखरच सुस्त होत्या. पळसाच्या पानांखाली, गवतावर चिकटून बसल्या होत्या. बायको पान अलगद मच्छरदाणीत झटकत होती. मला म्हणाली, "तुमी त्याईच्या अंगावरच्या काढा."

"म्या?"

"मंग कोन? म्या भासऱ्याले हात लावू?"

रीत आड आली होती. दादाच्या समोर मी उभा राहिलो. लहानपणी त्याच्या हातच्या चपराका खाल्ल्या होत्या, त्याच्या तोंडाला मी कधी हात लावला नव्हता. त्याच्या डाव्या मिशीवर दोन बसल्या होत्या, अंगावर पिवळे पट्टे, पंख पसरून, गुलाबी पावडर लावून वरातीला निघाल्यासारख्या. मी डोळे अर्धे मिटले आणि चिमटीत एक धरली. ती बोटांत थरथरली. इतकी हलकी, इतकी ओलसर, की माझ्या मणक्यातून कळ गेली.

"मारू नका," मागून बायको म्हणाली. "पंख सांभाळून."

"अबे, नाकातली काढ," दादा ओठ न हलवता म्हणाला.

नाकात खरंच एक अर्धी आत होती. ती मी कशी काढली ते मी लिहिणार नाही. वाचणारे जेवलेले असतील.

एवढ्यात धानाच्या बांधीतून, चिखल तुडवत, लुगडं खोचून वहिनी येताना दिसली. ती मागं वळली नव्हती. ती गावातून सरळ पुढं जाऊन, तलावाच्या पाळीवरून, धुऱ्याधुऱ्यानं वळसा घालून शिवेच्या पलीकडून समोर आली होती. म्हणजे रीतही राहिली आणि तोंडही ढिगाकडे झालं. तिनं बायकोकडे पाहिलं नाही. मच्छरदाणीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "मीच नेला होता. परत आननार होती."

बायकोनं दुसरी फांदी उचलली. तिनं पान झटकलं.

"तुही झाडं माह्या हातानं नाही जाऊ देत," वहिनी म्हणाली.

"पान हळू झटका, जाऊबाई. पाय मोडते त्याईचे."

दादानं त्याच जागेवरून विचारलं, "मले काही होईन का?"

"दोन लेकरं झाली तुमाले," वहिनी म्हणाली. "आता कायले भेता? उभे राहा गुमान."

अर्ध्याअधिक माश्या आम्ही परत मिळवल्या. ती फुगलेली, आतून खसखसणारी मच्छरदाणी मी बागेपर्यंत डोक्यावर नेली. तिची जाळी मधेमधे माझ्या मानेला लागत होती आणि त्या जाळीच्या आतून पाय लागत होते. बायकोनं फोन केला तेव्हा मॅडमनं आधी किती वाचल्या ते विचारलं. मग म्हणाल्या, "जेवढ्या आहेत तेवढ्या सोडा. मी पुढचा डबा लवकर आणते." तो डबा आला तेव्हा धान्याच्या खोलीची चावी वहिनीनं स्वतःच्या कमरेला लावली. नंतर पहाटे डबे घेऊन बागेत तीच जायची. बायकोच्या आधी.

पण तो आठवडा अर्धा चुकला होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. दादानं कुऱ्हाडीला धार लावून आणली. वाईट मनानं नव्हे. बोललेलं पाळणारा माणूस.

फळं पिकली. एका सकाळी दादा, वहिनी, बायको, मी, सगळे बागेत उभे होतो. मॅडमही आल्या होत्या, त्यांना फळं तपासायला न्यायची होती. बायकोनं स्वतः झाडावरून एक जाम तोडला. कोणत्या झाडाचा घ्यायचा यावर ती रात्रभर झोपली नसावी. तिनं तो माझ्या हातात दिला. पदरानं पुसायला गेली, तर दादा मला म्हणाला, "न धुता, न पुसता म्हटलं होतं."

जाम पिवळा होता, गार होता, दव होतं त्याच्यावर. किती वर्षांनी मी अख्खा जाम हातात धरला होता. नाकाशी नेला. मला तो झाडाखालचा चिखल आठवला, मामाचा गुडघा आठवला, दादाचं नाक आठवलं. बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती झाडाच्या बुंध्यावरची मुंगी पाहत होती.

मी तोंडानं तोडला.

दात गेले तिथं कुरकुरीत होतं. मी जीभ बाजूला दडवून चावत होतो, तिला काही मऊ लागू नये म्हणून. काही लागलं नाही. बी लागलं. आणखी एक घास. गोड होता. आतला गर गुलाबी, आणि शांत. कोणी उडी मारली नाही. मी अर्ध्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वहिनी म्हणाली, "रडू नका, जामच हाये."

"जरा बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातला उरलेला अर्धा घेतला, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा. देठाजवळ ही टोचल्याची खूण. माशीनं इथं अंडी घातली आहेत." त्यांनी सुरीच्या टोकानं साल उचलली. आत पांढरे, टोकदार, बारीक केसांसारखे तुकडे एकाला एक लागून पडले होते. "आणि एकही फुटलेलं नाही. छान. फारच छान."

मी चावायचा थांबलो.

"म्या खाल्ला त्या अर्ध्यात," मी विचारलं, "असे..."

"ते आता कसं सांगू?" मॅडम म्हणाल्या. "पण असतील, तर तीही फुटली नसणार."

कसला दिलासा होता हा. इतकी वर्षं मी जिवंत अळीला भ्यालो, आणि आता विज्ञानानं माझ्यासाठी मेलेली अंडी वाढून ठेवली होती.

"सबन म्हटलं होतं," दादा मला म्हणाला. त्याला हसू दाबता येत नव्हतं.

मॅडमनं अर्धा जाम बायकोकडे दिला. बायकोनं तो माझ्यासमोर धरला. "तू खा," म्हणाली. एवढंच. लग्नापासून तिनं मला कधी एकेरीत म्हटलं नव्हतं.

मी देठाकडून सुरुवात केली, म्हणजे जे आहे ते आधी संपेल. चावलं नाही. गिळलं. बिया, साल, खूण, अंडी, सगळं. देठ तेवढा हातात राहिला, तो मी दादाला दाखवला.

दादानं देठ पाहिला, झाडं पाहिली, आणि जायला वळला.

"भाऊजी," बायको म्हणाली.

सगळे थबकलो. ती त्याच्याचकडे पाहून बोलत होती. मी मधे नव्हतो.

"ह्याईनं खाल्ला. आता तुमी खा."

दादानं माझ्याकडे पाहिलं, सवयीनं, मी काही उत्तर पोचवावं म्हणून. मी आभाळाकडे पाहिलं. मग त्यानं हाताशी आलेला एक जाम तोडला. खिशातला चाकू अर्धा काढला, माझ्याकडे पाहून परत ठेवला, आणि मोठा घास घेतला.

"गोड हाये," तो बायकोला म्हणाला. थेट.

बायकोनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही. वहिनी टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे वळली.

दादा मजेत खात होता. त्याच्या जामावर, देठाच्या बाजूला, बारीक टोचल्याची एक खूण मला स्पष्ट दिसत होती. मॅडमनाही दिसली असावी, कारण त्यांनी भिंग हळूच खिशात घातलं.

मी बोडीवर जाऊन चूळ भरत राहिलो.